घर वाढवण्याआधी पाण्याची वाट काढा

दरवर्षी एप्रिल-मे उजाडला की मालेगावच्या गल्ल्यांतून वाळूचे ढीग आणि सळयांचे भारे दिसू लागतात. कुणाच्या मुलाचे लग्न ठरलेले असते, कुणाला दोन माग वाढवायचे असतात, कुणाला माल ठेवायला जागा हवी असते. पावसाळ्याच्या आत स्लॅब पडला पाहिजे, ही प्रत्येकाची घाई असते. सिमेंट कोणते घ्यावे, सळई किती जाडीची असावी, फरशी कोणत्या रंगाची, यावर घराघरांत रात्र-रात्र चर्चा होते. पण वर पडणारे पावसाचे पाणी कुठून उतरणार आणि कुठे जाणार, हा प्रश्न कुणी काढत नाही. अगदी शेवटच्या दिवशी गवंडी विचारतो, "सेठ, पाइप कुठे काढू?" आणि आपण हात दाखवून सांगतो, "काढ तिकडे कुठेतरी."

या "कुठेतरी"ची किंमत आम्ही मोजली आहे. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना ती मोजावी लागू नये, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहोत.

आमच्यावर काय गुजरले

आमचे घर वडिलांच्या वेळचे. पुढे बैठक, मध्ये खोल्या, वर पत्रे आणि मागे २० फूट लांब, १५ फूट रुंद असे मोकळे अंगण. पत्र्यांच्या मागच्या उताराचे पाणी या अंगणात पडत असे. थोडे मातीत मुरत असे, उरलेले कोपऱ्यातून गल्लीच्या गटारीत जात असे. चाळीस वर्षे त्या पाण्याचा कुणाला त्रास झाला नाही, म्हणून ते पाणी कुणाच्या ध्यानातही नव्हते.

कोऱ्या कापडाचा, म्हणजे बाजारात ज्याला ग्रे म्हणतात त्याचा आमचा व्यवहार वाढला, तेव्हा या अंगणावर स्लॅब टाकून आम्ही मालाची खोली केली. गवंड्याने स्लॅबला उतार दिला तो स्वतःच्या सोयीने, पूर्वेकडच्या भिंतीच्या दिशेने. त्या भिंतीतून दोन इंची पाइपाचा एक तुकडा बाहेर काढून ठेवला. पलीकडे एका वयस्कर विणकराचे घर, आणि घराला लागूनच त्यांच्या चार मागांचा कारखाना. आमच्या वडिलांचे ते मित्र. आम्ही त्यांना चाचा म्हणतो आणि ते आम्हाला बेटा म्हणतात.

जुलैच्या एका रात्री दोन तास जोराचा पाऊस झाला. सकाळी आम्ही खोली उघडली तर जुनी भिंत आणि नवा स्लॅब जिथे मिळतात, त्या सांध्यातून पाण्याचे ओघळ उतरलेले. भिंतीला लावून ठेवलेले तागे भिजून जड झालेले. कोऱ्या कापडाच्या ताण्याला खळ लावलेली असते. असे कापड ओले होऊन घडीत राहिले की दोन-तीन दिवसांत त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते ठिपके धुऊनही सहजी जात नाहीत. आम्ही होते नव्हते ते कापड वाळत घातले, पण पावसाळी हवेत ते वाळणार किती? बराच माल डागी निघाला. घेणाऱ्या पेढीने तो परत केला आणि शेवटी तो मिळेल त्या भावाने विकावा लागला.

पण आमचे खरे नुकसान कापडाचे नव्हते. त्याच सकाळी चाचा आमच्या दारात आले. हातात ओल्या कांड्या होत्या. आवाज न चढवता एवढेच म्हणाले, "सेठ, तुमच्या छताचा पाऊस आमच्या मागांवर पडला." एरवी बेटा म्हणणारे चाचा त्या दिवशी सेठ म्हणाले, हे आम्हाला फार लागले. आमच्या पाइपाची धार त्यांच्या पत्र्यांच्या सांध्यावर रात्रभर पडत होती. चढवलेला एक बीम भिजला, भिंत ओली झाली आणि एका मोटारीत पाणी गेले. रात्री माग बंद होते, म्हणून विजेचा अपघात टळला. दिवसा पाऊस झाला असता आणि ओल्या स्टार्टरला कुणाचा हात लागला असता, तर काय झाले असते याचा विचार आम्ही आजही टाळतो.

नंतर ओळखीच्या एका अनुभवी इंजिनिअरला आम्ही छतावर नेले. त्यांनी जे दाखवले आणि समजावले, त्यात आमच्या व्यापारी डोक्याला न समजण्यासारखे काहीच नव्हते. सारा सरळ हिसाबाचा मामला होता. तोच इथे मांडतो.

पाण्याचा हिसाब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. फुटांच्या भाषेत सांगायचे तर १०० चौरस फूट छतावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २३६ लिटर पाणी जमते, म्हणजे २०० लिटरच्या पिंपातून उतू जाईल एवढे.

आता आमचे उदाहरण घ्या. नवा स्लॅब ३०० चौरस फूट. त्यावर जुन्या पत्र्यांच्या मागच्या उताराचे पाणी पडणार, तो भाग सुमारे २४० चौरस फूट. एकूण झाले ५४० चौरस फूट. तासाला दोन इंच पाऊस झाला तर या छतावरून एका तासात सुमारे अडीच हजार लिटर पाणी उतरते. आम्ही हिसाब धरला होता तो फक्त नव्या स्लॅबचा, आणि तोही मनातल्या मनात. जुन्या छताचे पाणी नव्या छतावर येते, हे आमच्या लक्षातच आले नाही. घर वाढवणाऱ्यांची ही सर्वांत मोठी चूक असते.

दुसरी गोष्ट अंगणाची. मोकळी माती पाणी पिते आणि उरलेले हळूहळू सोडते. स्लॅब पाणी पीत नाही. तो पडलेले सगळे पाणी लगेच पुढे लोटतो. म्हणून अंगण झाकले की पाऊस तेवढाच राहतो, पण गटारीकडे धावणारे पाणी वाढते आणि ते एकदम येते. अंगणात फरशी किंवा काँक्रीट केले तरी परिणाम हाच.

मालेगावात पाऊस कमी, मग एवढी काळजी कशाला, असे काही जण म्हणतात. आमच्याकडचा वर्षाचा पाऊस कोकणाच्या मानाने फार थोडा, हे खरे. पण छताला वर्षाच्या पावसाशी देणेघेणे नसते. त्याला त्या एका तासात किती पडला, याच्याशी देणेघेणे असते. दुष्काळी भागातही एखादी सर अशी येते की तासाभरात गल्लीची नदी होते. कोकणपट्टीची गोष्ट तर वेगळीच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. २०० चौरस फुटांच्या एका लहानशा छतावर एवढा पाऊस पडला तर साडेसतरा हजार लिटर पाणी होते. अशा दिवशी कोणताही पाइप पुरणार नाही. पण जास्तीचे पाणी घरात न शिरता कुठून बाहेर पडावे, एवढे तरी आपण आधी ठरवू शकतो.

पाइप किती आणि केवढे

इमारतींच्या भारतीय मानकांत पावसाच्या पाण्याच्या पाइपांचे कोष्टक दिलेले आहे. तासाला ५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच पाऊस धरला तर दोन इंची पाइप जेमतेम १४० चौरस फूट छताला पुरतो. तीन इंची पाइप सुमारे ४४० आणि चार इंची पाइप सुमारे ९०० चौरस फुटांना पुरतो. पाइपाची रुंदी दुप्पट झाली, पण तो वाहून नेणारे पाणी सहापट झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पाऊस तासाला १०० मिलिमीटर धरला तर हे सगळे आकडे निम्मे होतात. म्हणजे तीन इंचीला सुमारे २२० आणि चार इंचीला सुमारे ४६० चौरस फूट.

आमच्या ५४० चौरस फुटांना दोन इंची एकच पाइप होता. पुढे काय झाले ते वर सांगितलेच आहे.

इंजिनिअरांचा सल्ला असा की छत कितीही लहान असो, पाइप किमान दोन असावेत आणि चार इंचीपेक्षा लहान नसावेत. बाजारात हा पाइप ११० मिलिमीटर म्हणून मिळतो. दोन अशासाठी की एकाच्या तोंडाशी पाला किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली तर दुसरा चालू राहतो. त्याशिवाय कठड्याला, छताच्या पातळीपासून दोन-तीन इंच वर, एक मोकळे भोक ठेवावे. ते अशा बाजूला असावे की पडलेली धार आपल्याला दिसेल आणि कुणाचे नुकसान होणार नाही. त्या भोकातून पाणी पडू लागले की समजावे, पाइप तुंबले आहेत.

पाइपाच्या तोंडाला घुमटाच्या आकाराची उभी जाळी लावावी. सपाट जाळीवर एक पिशवी पडली की सगळे बंद होते. घुमटावर पिशवी अडकली तरी बाजूने पाणी जात राहते.

भिवंडीला आमचे एक नातेवाईक आहेत. त्यांच्या दोन शेडच्या मधली पन्हळ दरवर्षी तुंबायची आणि पाणी थेट मागांवर यायचे. पत्रे बदलून झाले, पन्हळ बदलून झाली, तरी तेच. शेवटी एकाने वर चढून हात घातला तर पन्हळीत कापसाच्या तंतूंचा जाड नमदा बसलेला. पंख्यांतून बाहेर उडणारा कापूस पन्हळीत साचतो, त्यावर धूळ बसते आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो. ज्यांच्या घराला माग लागून आहेत, त्यांनी पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पन्हळ हाताने साफ करावी. ही सफाई कोणताही पाइप आपोआप करत नाही. वर चढण्यापूर्वी वीज बंद करावी आणि सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नये, फळी टाकून जावे.

उतार आणि सांधा

पाणी आपल्या हुकमाने वाहत नाही, ते उताराने वाहते. वळचणीचे पाणी आढ्याला चढत नाही, हे आपल्याकडचे लहान मूलही जाणते. तरी सपाट दिसणारा स्लॅब चांगला, असे समजणारे लोक आहेत. स्लॅबवर दर १० फुटांना सव्वा ते दीड इंच उतार हवा. तो विटांच्या तुकड्यांचा कोबा करून देतात. या कोब्याचे वजन स्लॅबवर पडते, म्हणून स्लॅबची सळई ठरवण्यापूर्वीच इंजिनिअरला कोब्याचे सांगावे. मागून सांगून उपयोग नाही.

उताराची दिशा कोणती, हे गवंड्यावर सोडू नये. घराचा नकाशा कागदावर काढून घ्यावा आणि त्यावर पाणी कुठून कुठे जाणार याचे बाण काढून घ्यावेत. सगळे बाण शेवटी आपल्याच हद्दीत उतरले पाहिजेत आणि तिथून गटारीपर्यंत पोहोचले पाहिजेत. एखादा बाण शेजाऱ्याच्या भिंतीकडे जाताना दिसला तर काम तिथेच थांबवावे. कागदावरचा बाण रबराने पुसता येतो, कोब्याला मात्र छिन्नी-हातोडा लागतो.

स्लॅब आणि कठड्याची भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई मारून घ्यावी. काटकोनी कोपऱ्यात पाणी साचते आणि तिथूनच झिरपते. छज्जाच्या खालच्या बाजूला, कडेपासून बोटभर आत, एक बारीक खाच ठेवावी. म्हणजे पाणी खाचेपाशी थेंब होऊन गळून पडते, छज्जाखालून सरकत भिंतीपर्यंत जात नाही.

जुन्या आणि नव्या बांधकामाचा सांधा ही सर्वांत नाजूक जागा. जुने घर जमिनीत बसून स्थिर झालेले असते, नवे पुढे काही वर्षे थोडे-थोडे बसत राहते. त्यामुळे दोन्हींच्या मध्ये केसाएवढी का होईना, फट पडतेच. नुसते सिमेंट भरून ती कायमची बंद होत नाही. जुन्या भिंतीत स्लॅबच्या वर सहा-सात इंचांवर आडवी खाच पाडून त्यात पत्र्याची पट्टी किंवा जलरोधक थर दाबून बसवावा आणि त्याचे दुसरे टोक नव्या छतावर उतरवावे. जुन्या पत्र्यांचे पाणी या सांध्यावर पडू देऊ नये. पत्र्यांच्या कडेला पन्हळ लावून ते पाणी स्वतंत्र पाइपाने खाली आणावे.

पत्र्यांची शेड करणाऱ्यांनी एक पत्रा दुसऱ्यावर किती चढतो हे पाहावे. बाजूने किमान दीड नाळी आणि लांबीने सहा इंच चढाव हवा. पत्रे वाचवण्यासाठी चढाव कमी केला की वाऱ्याबरोबर आलेला पाऊस आत शिरतो.

काम झाल्यावर पाऊस येण्याची वाट न पाहता स्वतःच परीक्षा घ्यावी. पाइपांची तोंडे बंद करून छतावर इंच-दोन इंच पाणी दोन दिवस उभे करावे आणि खालून छत पाहावे. ओल दिसली तर गवंड्याचा हिसाब चुकता करण्यापूर्वीच दुरुस्ती करून घ्यावी.

खाली उतरलेले पाणी

पाइपाने पाणी खाली आणले म्हणजे काम संपले नाही. पाइप जमिनीपाशी सोडून दिला तर सगळे पाणी पायात मुरते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. घराच्या एका कोपऱ्यात दरवर्षी पाणी मुरत राहिले तर तो कोपरा वर-खाली होतो आणि भिंतीला तिरक्या चिरा जातात. लोक चिरा बुजवत राहतात, पाइप तसाच राहतो.

म्हणून पाइपाच्या खाली जाळीचे चेंबर करावे आणि तिथून चार इंची बंद पाइप गटारीपर्यंत न्यावा. त्याला दर १० फुटांना दोन इंच उतार असावा. प्रत्येक वळणावर उघडता येईल असे चेंबर हवे, नाहीतर तुंबल्यावर फरशी फोडावी लागते.

संडासाच्या लाइनीत छताचे पाणी कधीही सोडू नये. खर्च वाचतो म्हणून अनेक जण हे करतात. जोराच्या पावसात ती लाइन भरते आणि घाण पाणी तळमजल्याच्या संडासातून उलटे घरात येते. सायझिंगचे किंवा रंगाचे पाणी ज्यांच्याकडे आहे, त्यांनीही पावसाची लाइन वेगळीच ठेवावी.

जोत्याची उंची ठरवताना आजची गल्ली पाहू नये. रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडतो आणि गल्ली चढत जाते. आज गल्लीच्या बरोबरीने केलेली जमीन दहा वर्षांनी खड्ड्यात जाते. आम्ही मालाच्या खोलीची जमीन नंतर गल्लीपासून दीड फूट उंच करून घेतली. त्यावरही माल जमिनीवर न ठेवता लाकडी घोड्यांवर ठेवतो आणि भिंतीपासून वीतभर सोडतो. विजेचा बोर्ड आणि मागाचा स्टार्टर ज्या भिंतीवर आहे, त्या भिंतीवरून पावसाचा पाइप नेऊ नये.

माल विम्याखाली आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी विम्याच्या अटी नीट वाचाव्यात. पूर आणि वादळ ही एक गोष्ट आहे आणि आपल्याच छताच्या सांध्यातून झिरपलेले पाणी ही दुसरी. गळती म्हणजे देखभालीतली हयगय, असे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी.

कायदा आणि शेजार

वाढीव बांधकामाला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते. विनापरवाना कामाला पाडण्याची नोटीस येऊ शकते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि तरी सर्व जण चालढकल करतात. बृहन्मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्याप्रमाणे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवे वा वाढीव बांधकाम करताना पावसाचे पाणी जिरवण्याची किंवा साठवण्याची सोय करावी लागते. आपल्यापैकी बहुतेकांचे भूखंड याहून लहान आहेत. पण पाणी जपायला सक्ती कशाला हवी? ५४० चौरस फुटांच्या छतावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी सुमारे २० हजार लिटर पाणी मिळते. पहिल्या सरीचे मळके पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळून टाकीत किंवा बोअरवेलजवळच्या खड्ड्यात घ्यावे. असा खड्डा घराच्या आणि शेजाऱ्याच्याही पायापासून किमान १० फूट दूर असावा. तेवढी जागा नसेल तर खड्ड्याच्या भानगडीत पडू नये, टाकीच बरी.

शेजाऱ्याच्या जागेत पाणी सोडण्याबाबत १८८२ चा इझमेंट कायदा, म्हणजे सुविधाधिकाराचा कायदा आहे. वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी आपोआप उताराने खालच्या जमिनीवर गेले, तर खालच्याला ते अडवता येत नाही. पण छतावर गोळा करून पाइपाने धार सोडणे म्हणजे आपोआप वाहणे नव्हे. असा हक्क सांगायचा तर तो उघडपणे, शांततेने आणि अखंड २० वर्षे वापरलेला असावा लागतो. आणि ज्याला असा जुना हक्क आहे, त्यालाही घर वाढवून शेजाऱ्यावरचा बोजा वाढवता येत नाही. आमच्या पाइपाचे वय तर दोन महिने होते.

छतावरून पाणी सोडणाऱ्या पन्हळीला आमच्या उर्दूत परनाला म्हणतात. शाळेत असताना परनाल्याचा एक किस्सा आमच्या उस्तादांनी सांगितला होता. हजरत उमर खलिफा असताना मदिनेत हजरत अब्बास यांच्या घराचा परनाला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर गळत असे. एका जुम्याला त्याचे पाणी हजरत उमर यांच्या कपड्यांवर पडले, तेव्हा त्यांनी तो काढायला लावला. नंतर हजरत अब्बास यांनी सांगितले की तो त्या जागी खुद्द रसूलल्लाहांनी बसवला होता. हे ऐकताच हजरत उमर यांनी त्यांना आपल्या पाठीवर उभे करून तो पुन्हा त्याच जागी बसवून घेतला, असे सांगितले जाते. लहानपणी आम्हाला त्यात फक्त खलिफाची नम्रता दिसली होती. घर बांधल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एक परनाला ही राज्याच्या प्रमुखानेही विचार करण्याजोगी बाब आहे, कारण त्याचे पाणी दुसऱ्याच्या अंगावर पडते.

काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून छतावरून पाणी कुठे नेणार ते दाखवावे. त्याची जुनी ओल, जुना पाइप, जुनी तक्रार आधीच ऐकून घ्यावी. सामाईक भिंतीतून पाइप न्यायचाच असेल तर दोघांच्या सहीने चार ओळी कागदावर लिहून ठेवाव्यात. आपली मुले पुढे त्या घरात राहणार आहेत. तोंडी कबुलीची आठवण त्यांना कोण करून देणार?

कामापूर्वीचे सहा प्रश्न

आमच्या अनुभवावरून आम्ही सहा प्रश्नांची एक यादी केली आहे. कुणी नातेवाईक घर वाढवायला निघाला की आम्ही ही यादी त्याच्या हातात देतो.

१. आज या जागेवर कोणकोणत्या छतांचे पाणी पडते आणि ते कुठे जाते? शक्य असल्यास एका पावसात उभे राहून स्वतः पाहा.

२. नवे आणि जुने मिळून एकूण किती चौरस फुटांचे पाणी उतरणार?

३. त्याला किती पाइप, केवढे, आणि एक तुंबला तर पाणी कुठून जाईल?

४. उताराचे सगळे बाण आपल्याच हद्दीत उतरतात का?

५. जुन्या-नव्या सांध्याला गवंडी काय करणार? नुसते सिमेंट, की पट्टी?

६. खाली उतरलेले पाणी गटारीपर्यंत कसे जाईल, आणि गल्ली उंच झाली तर काय?

सहापैकी एकाही प्रश्नाला "बघू नंतर" असे उत्तर आले, तर स्लॅबची तारीख पुढे ढकलावी.

आम्ही काय केले

आम्ही त्याच वर्षी कोबा फोडून उतार गल्लीच्या बाजूला फिरवला. दोन चार इंची पाइप टाकले, जुन्या पत्र्यांना पन्हळ लावली, सांध्याला पट्टी बसवली आणि चेंबर करून पाणी गटारीला नेले. सुरुवातीला हेच केले असते तर थोड्या पाइपांचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा खर्च होता. तोडफोड, दुरुस्ती आणि डागी माल धरून तो कित्येक पटींनी वाढला. चाचांचा बीम, मोटार आणि भिंतीचे प्लॅस्टर आम्ही भरून दिले. ते घेईनात, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालावे लागले.

पुढच्या जुलैत तसाच पाऊस झाला. पहाटे आम्ही बॅटरी घेऊन छतावर गेलो. दोन्ही पाइप भरून वाहत होते, खाली खोली कोरडी होती. भिंतीपलीकडे चाचा आपल्या दारात उभे राहून वर पाहत होते. आम्ही विचारले, "चाचा, पाणी आले का?" ते म्हणाले, "नाही बेटा, आज आमचाच पाऊस आहे."

बांधकाम काढणाऱ्या प्रत्येक बंधूने आधी पाण्याची वाट काढावी, मग भिंतीची दोरी धरावी, हीच आमची विनंती आहे.